ही निक्सी कोण?

माझी मावसबहीण न्यू जर्सीत राहते. मुलाच्या मुंजीची पत्रिका तिने कॅलिफोर्नियातल्या एका जुन्या मैत्रिणीला टपालाने पाठवली. मुंजीचं आमंत्रण व्हॉट्सॲपवर नको, हातात पडलं पाहिजे, हा मावशीचा हट्ट. काही आठवड्यांनी पाकीट परत आलं. पत्त्यावर एक पिवळी चिकटपट्टी, तिच्यावर 'निक्सी' असा शब्द, पुढे काही आकडे आणि अक्षरं, आणि खाली 'रिटर्न टू सेंडर', 'अटेम्प्टेड, नॉट नोन'. ताईने त्याचा फोटो मला पाठवला आणि विचारलं, "अगं, ही निक्सी कोण? त्या घरात आता ही राहते का?"

मी भाषांतराची कामं करते, म्हणून घरातले सगळे असले प्रश्न माझ्याकडे लोटतात. शब्दकोश उघडला तर गुंता आणखी वाढला. निक्सी म्हणजे पाण्यात राहणारी, माणसाला भुलवून खाली ओढणारी जलपरी. आणि निक्सी म्हणजेच पत्ता चुकल्यामुळे किंवा न लागल्यामुळे पोचवता न येणारं टपाल. ताईला हे सांगितल्यावर तिने क्षणात दोन्हींचा संबंध लावून टाकला: "म्हणजे परीने पळवलेलं पत्र!"

गोष्ट छान आहे, पण खरी नाही. हे एकाच शब्दाचे दोन अर्थ नव्हेत. हे दोन वेगळे शब्द आहेत, दोन वेगळ्या घरांतून आलेले. इंग्रजीत पोचेपर्यंत त्यांचे चेहरे सारखे झाले, इतकंच.

हा फरक कळायला मराठीतला 'वर' पुरेसा आहे. देव वर देतो आणि मांडवात वर उभा राहतो, हे दोन्ही 'वर' एकाच संस्कृत धातूतून आले, 'वृ' म्हणजे निवडणे. निवडून मागितलेलं ते वरदान, निवडलेला तो नवरा. एक शब्द, दोन अर्थ. पण 'माळ्यावर' मधला 'वर' त्यांचा कुणी लागत नाही. तो 'उपरि' या शब्दाचा झिजून झिजून उरलेला तुकडा. ऐकायला तिघे सारखे, पण नात्यातले दोघेच. दोन्ही निक्सी म्हणजे नवरदेव 'वर' आणि माळ्यावरचा 'वर' आहेत.

आता पाण्यातलीकडे आधी जाऊ, कारण ती वयाने पुष्कळ मोठी.

जर्मनीत पाण्यातल्या या जातीत पुरुष असेल तर त्याला 'निक्स' म्हणतात आणि बाई असेल तर 'निक्से'. नद्या, गिरणीचे तलाव, विहिरी ही त्यांची वस्तीची ठिकाणं. इंग्रजीने हा शब्द तिथून उचलला तो बऱ्याच उशिरा, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. स्कॉटिश कादंबरीकार वॉल्टर स्कॉटला जर्मन लोककथांचा नाद होता. त्याच्या लिखाणातून निक्सी इंग्रजी वाचकांना भेटली.

खरं तर इंग्रजीचा स्वतःचा शब्द आधीपासून होता. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'निकोर' म्हणजे पाण्यातला राक्षस. 'बेओवुल्फ' या जुन्या काव्याचा नायक आपण रात्रीच्या समुद्रात पोहताना निकोर मारले अशी बढाई मारतो. यात परीचा नाजूकपणा कुठेच नाही. जुन्या जर्मन भाषेतही हाच प्रकार. लॅटिन शब्दांचे अर्थ लिहून ठेवणाऱ्यांनी 'मगर' या शब्दापुढे आपला देशी शब्द म्हणून 'निखुस' लिहिला. त्यांच्या मुलखात मगरी नव्हत्याच, तेव्हा पाण्यात दबा धरून बसणारं भयंकर काहीतरी म्हणजे निखुस, असा हिशोब असावा. मगरीपासून लांब केसांच्या सुंदरीपर्यंतचा हा प्रवास मला फार आवडतो. भीती तीच राहिली, तोंडवळा बदलत गेला.

उत्तरेकडे, स्वीडन-नॉर्वेत, हाच प्राणी बहुधा पुरुष असतो. धबधब्याशी बसून व्हायोलिन वाजवतो आणि ऐकणारा भान हरपून पाण्यात उतरतो. कधी तो घोड्याच्या रूपात काठावर चरत असतो. पाठीवर बसायचा अवकाश, थेट तळाशी. नॉर्वेत त्याला 'न्योक', स्वीडनमध्ये 'नेक'. स्वीडिश माणूस कमळासारख्या पाण्यातल्या फुलाला आजही 'नेकरूस' म्हणतो, म्हणजे त्या भुताचा गुलाब. फूल तोडायला वाकलेल्या पोराला आई काय सांगत असेल ते वेगळं लिहायला नको.

ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये छापलेल्या कथासंग्रहात निक्सीची एक गोष्ट आहे. भाऊ-बहीण विहिरीकाठी खेळताना आत पडतात. खाली निक्सी असते. ती म्हणते, आता तुम्ही माझे, राबा. मुलीला गुंतलेला, मळका जवसाचा वाख कातायला देते आणि तळ नसलेल्या पिंपात पाणी भरायला लावते. मुलाला बोथट कुऱ्हाडीने झाड तोडायला लावते. खायला दगडासारखे कडक गोळे. एका रविवारी निक्सी प्रार्थनेला चर्चमध्ये जाते (पाण्यातल्या भुताचा हा नेम मला अजून पचलेला नाही) आणि मुलं पळ काढतात. ती पाठलाग करते. मुलगी मागे ब्रश टाकते, त्याचा हजारो काट्यांचा डोंगर होतो. निक्सी काटे धरत धरत तो चढून येते. मुलगा कंगवा टाकतो, त्याचा दातांचा डोंगर होतो. तोही ती पार करते. मग मुलगी आरसा टाकते. काचेचा डोंगर, चढायला गुळगुळीत. निक्सी विचार करते, घरी जाऊन कुऱ्हाड आणावी आणि फोडावा. तेवढ्यात मुलं केव्हाच लांब गेलेली असतात.

यातली निक्सी खाष्ट सासूसारखी आहे. ती मोहात पाडत नाही, कामाला जुंपते. तलावाकाठची सुंदरी दुसऱ्या गोष्टींत येते आणि चित्रकारांनी उचलली तीच. पण विहिरीतली ही बाई मला जास्त जुनी, जास्त घरगुती वाटते.

याकोब ग्रिमने पुढे १८३५ मध्ये जर्मन दैवतकथांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात निक्सीबद्दलची एक समजूत नोंदली आहे: निक्सी माणसांच्या बाजारात येतात, चारचौघींसारख्या दिसतात, बोलतात, सौदा करतात. ओळखायची खूण एकच. त्यांच्या एप्रनचा कोपरा नेहमी ओला असतो.

आपल्याकडे विहिरीकाठी शेंदूर लावलेले सात दगड दिसतात त्या साती आसरा, आणि कोकणातला पाण्यातला गिऱ्हा, यांची इथे आठवण होणारच. जर्मनीतल्या निक्सीशी त्यांची सोयरीक जोडायची गरज नाही. जिथे उघड्या विहिरी आणि लहान मुलं आहेत तिथे अशी वस्ती आपोआप तयार होते.

शब्दाची सोयरीक मात्र खरोखर जुळते, आणि तीही आपल्याशी. निक्स, निकोर, नेक या सगळ्यांच्या मुळाशी 'धुणे' या अर्थाचा एक अतिप्राचीन धातू असावा, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. युरोपातल्या बहुतेक भाषा आणि संस्कृत ज्या भाषेतून फुटल्या त्या मूळ भाषेतला. संस्कृतात तो 'निज्' म्हणून उरला. नेनेक्ति, म्हणजे तो धुतो. परटाला संस्कृतात रजक म्हणतात हे पुष्कळांना माहीत असतं. त्याचं दुसरं नाव 'निर्णेजक', धुऊन काढणारा. आणि श्राद्धाला पाटावर बसून गुरुजींच्या मागे पाणी सोडलं असेल त्यांनी 'अवनेजन' हा शब्द कानांनी ऐकलेला आहे. पिंड ठेवण्याआधी दर्भांवर पाणी सोडायचं ते अवनेजन. तर ऱ्हाइनच्या डोहातली बाई, आपला परीट आणि श्राद्धातलं ते पाणी एकाच धातूचे वंशज. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दिवसभर दुसरं काम केलं नव्हतं.

आता टपालातली.

जर्मनमध्ये 'काही नाही' याला 'निश्ट्स' म्हणतात. बोलीत तो शब्द घासून 'निक्स' होतो. जर्मन लोक आजही घरात असंच बोलतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा 'निक्स' इंग्रजी बोलीत शिरला, पोटात तोच अर्थ घेऊन: काही नाही, शून्य, नकार. अमेरिकेत जर्मन स्थलांतरित भरपूर, तिथे तो चांगला रुजला. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत एखादा प्रस्ताव फेटाळला की 'निक्स' केला असं छापतात. त्याला इंग्रजीने आपला लाडका 'ई' जोडला, डॉगचा 'डॉगी' करणारा, आणि झाली 'निक्सी'. पत्ता शोधूनही हाती काहीच न लागलेलं पत्र. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत अमेरिकी टपालवाल्यांच्या बोलण्यात हा शब्द आला. आपल्या टपालखात्यात कुणी गमत्या असता तर त्याने अशा पत्राला 'नाहीबाई' म्हटलं असतं.

हा शब्द त्याच काळात का लागला, याला कारण आहे. अमेरिकेत १८६३ पर्यंत शहरातही पत्र सहसा घरी येत नसे. लोक टपाल कचेरीत जाऊन 'माझं काही आहे का' विचारत. पाकिटावर नाव आणि गाव असलं की भागायचं. गृहयुद्धाच्या धामधुमीत, १ जुलै १८६३ पासून मोठ्या शहरांत फुकट घरपोच टपाल सुरू झालं. आता रस्ता हवा, घराचा नंबर हवा, आणि ते लिहायची कुणालाच सवय नव्हती. त्यात युरोपातून येणारे लाखो स्थलांतरित, जे रस्त्यांची नावं कानांनी ऐकून आपापल्या लिपीच्या वळणाने लिहायचे. म्हणजे पत्र घरापर्यंत येऊ लागलं तसं ते वाटेत हरवूही लागलं.

अशा पत्रांसाठी वॉशिंग्टनमध्ये १८२५ पासून 'डेड लेटर ऑफिस' होतं, मेलेल्या पत्रांचं कार्यालय. पत्र उघडून आत काही सुगावा लागतो का ते पाहायचा अधिकार इथल्याच कारकुनांना. पाकिटांत नोटा निघायच्या, दागिने निघायचे, म्हणून माणसं विश्वासाची हवीत. निवृत्त पाद्री नेमले गेले. पुढे बायकांना मुद्दाम घेतलं गेलं, कारण त्या जास्त प्रामाणिक असतात अशी साहेबांची समजूत. समजूत काहीही असो, त्या काळात बाईला सरकारी नोकरी मिळायचा तो एक मोठा दरवाजा होता.

त्यातल्या पॅटी लाइल कॉलिन्स या बाईंची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या तिथल्या सगळ्यांत नावाजलेल्या 'ब्लाइंड रीडर' होत्या. आंधळा इथे वाचणारा नव्हे, पत्ता. ज्या पत्त्यातून काहीच दिसत नाही तो आंधळा पत्ता, आणि त्याला डोळे देणारी ती ब्लाइंड रीडर. एका पाकिटावर नाव आणि पुढे नुसतं 'द आयलंड', म्हणजे बेट. देशात बेटं शेकड्यांनी. बाईंनी ते वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंगला धाडलं, कारण तिथल्या शहराच्या एका भागाला लोक 'द आयलंड' म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या एका पाकिटावर 'जेरी रेस्क्यू ब्लॉक, न्यूयॉर्क'. गावाचं नावच नाही. बाईंनी सिरॅक्यूज असं लिहून पाठवून दिलं. १ ऑक्टोबर १८५१ रोजी सिरॅक्यूजमध्ये लोकांच्या जमावाने जेरी नावाच्या पळून आलेल्या गुलामाला पोलिसांच्या ताब्यातून सोडवलं होतं, तो पुढे कॅनडात पोचला. त्या घटनेवरून तिथल्या एका इमारतीला लोक त्या नावाने ओळखत.

म्हणजे हे काम अक्षर लावण्यापुरतं नव्हतं. कोणत्या गावात कोणतं आडनाव जास्त, इटालियन माणूस इंग्रजी नाव कसं ऐकतो, कोणत्या शहरात कोणता दंगा झाला, हे सगळं डोक्यात हवं. आपल्याकडचा जुना पोस्टमन 'मारुतीच्या देवळामागे, तात्यांच्या वाड्यात' एवढ्यावर पत्र पोचवतो ते याच विद्येवर. फरक इतकाच की त्याला एक गाव पाठ, बाईंना अख्खा देश.

आज हेच काम यंत्रं करतात. पाकीट कॅमेऱ्यासमोरून सरकतं, संगणक पत्ता वाचतो. त्याला जमलं नाही तर पत्त्याचं छायाचित्र सॉल्ट लेक सिटीसारख्या ठिकाणी बसलेल्या माणसांच्या पडद्यावर उमटतं, आणि ती माणसं काही सेकंदांत तो टंकून देतात. कॉलिन्सबाईंचे हे आजचे वारसदार. पत्ता वाचता आला, पण माणूसच तिथे राहत नाही, किंवा घराला नंबरच नाही, किंवा घेणाऱ्याने नाकारलं, तर पाकीट उलटं फिरतं आणि यंत्र त्यावर पिवळी चिकटपट्टी डकवतं. ताईला आली ती. खात्यातल्या बोलीतला जुना शब्द संगणकाने जसाच्या तसा उचलला आणि अनोळखी माणसांच्या दारात नेऊन ठेवला. त्यामुळे ताईसारखीला वाटणारच की निक्सी हे कुणाचं तरी नाव आहे.

पाठवणाऱ्याचाही पत्ता नसेल तर? तेव्हा पाकीट अटलांटाला जातं. डेड लेटर ऑफिसचं नाव १९९२ मध्ये बदलून 'मेल रिकव्हरी सेंटर' केलं. मेलेलं पत्र हा शब्द बहुधा नव्या साहेबांना बरा वाटला नसावा. मला जुनं नाव जास्त सच्चं वाटतं. तिथे पाकीट उघडतात. किमती वस्तूचा मालक सापडला नाही तर लिलाव होतो. जाहिरातींच्या टपालाला मात्र एवढीही माया नाही. पाठवणाऱ्याने तशी सूचना छापली नसेल तर ते परत न येता थेट रद्दीत जातं. जाहिरातींचा धंदा करणाऱ्या लोकांतही निक्सी हा शब्द चालतो: त्यांच्या यादीतला मेलेला पत्ता.

आपल्याकडे या प्रकाराला लाडाचं नाव मिळालं नाही. पोस्टमन पाकिटावर 'लेफ्ट', 'डोअर लॉक्ड', 'नॉट नोन' असा शेरा मारतो आणि कुणाचाच पत्ता लागला नाही तर पत्र 'रिटर्न्ड लेटर ऑफिस'ला जातं. तरी निक्सीचा बंदोबस्त करणारा एक मोठा माणूस आपल्यातलाच. वडगाव नावाची गावं महाराष्ट्रात किती आहेत ते मोजायला बसू नका. देशभर हीच कथा, वर लिप्याही अनेक. यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ ला सहा आकडी पिनकोड आला, आणि तो बसवला श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल खात्यातल्या अधिकाऱ्यांनी. पहिला आकडा विभागाचा, आपला ४. त्यात महाराष्ट्र आणि गोव्याबरोबर मध्य प्रदेश आणि छत्तीसगडही येतात. ९ लष्करी टपालाचा. अमेरिकेत असाच झिपकोड १९६३ मध्ये आला होता.

वेलणकर संस्कृतचे कवी आणि नाटककार होते. ते आकड्यांनी पत्रांना वाट दाखवत होते आणि उरलेल्या वेळात संस्कृतात नाटकं लिहीत होते. 'निर्णेजक' म्हणजे कोण हे त्यांना सांगावं लागलं नसतं. टपालातली निक्सी आणि पाण्यातल्या निक्सीचा धातू, दोघींशी परिचय असणारा माणूस शोधायचा तर माझ्या डोळ्यांसमोर तरी तेच येतात.

तिसरीही एक निक्सी आहे. काचेच्या नळीत तारेचे दहा आकडे एकामागे एक, भोवती निऑन वायू, ज्या आकड्याला वीज द्याल तो नारिंगी उजळतो. बरोज कंपनीने १९५५ मध्ये बाजारात आणली. हौशी लोक अजून तिची घड्याळं बनवतात. 'न्यूमेरिक इंडिकेटर एक्स्पेरिमेंटल' असं आराखड्यावर आद्याक्षरांत लिहिलं होतं, त्याचं हे नाव झालं असं सांगतात. ती या दोघींच्या घरची नाही, तेव्हा तिला इथेच सोडते.

दोन निक्सींचं नातं नाही असं मी वर ठणकावून सांगितलं. ते खरंच आहे. पण टपालातल्या निक्सीच्या मुळाशी जो 'निश्ट्स' आहे तो जरा उसवून पाहा. जुन्या जर्मनमध्ये 'नाही' दाखवणारा 'नि' आणि त्याला जोडलेला 'विश्ट', असा तो शब्द घडला. 'विश्ट' म्हणजे वस्तू, आणि सजीव प्राणीही. 'नि-विश्ट', एकही वस्तू नाही, एकही जीव नाही, म्हणून 'काही नाही'. हा 'विश्ट' जर्मनमध्ये स्वतंत्रपणेही जगला. आज त्याचा अर्थ होतो बुटका, खट्याळ भूत, आणि त्याचाच 'विश्टेल' म्हणजे रात्री गुपचूप घरातली कामं करून जाणारा ठेंगू.

म्हणजे टपालातल्या निक्सीच्या पोटातही एक छोटंसं भूत दडलेलं आहेच. फक्त ते पाण्यातलं नाही, आणि शब्दाचा अर्थच मुळी 'इथे भूतसुद्धा नाही' असा आहे.

ताईला हे सगळं फोनवर सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं, पण मैत्रीण गेली कुठे?" मैत्रीण ॲरिझोनाला गेली होती, ते दुसऱ्या एका मैत्रिणीकडून कळलं. पत्रिका नव्या पाकिटातून पुन्हा गेली, मुंजीच्या चार दिवस आधी पोचली. जुनं पाकीट पिवळ्या पट्टीसकट ताईच्या फ्रिजवर लावलंय, आणि ज्याची मुंज झाली तो आठ वर्षांचा बटू आल्यागेल्याला सांगतो की ही निक्सी आमच्या विहिरीत राहते. त्यांच्याकडे विहीर नाही.